अकोल्याचे सरकारी हायस्कूल आणि त्याचे नामवंत विद्यार्थी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

शाळेची थोरवी तिच्या विद्यार्थ्यांवरून मोजण्याची प्रथा मूळची इंग्लंडमधील. ईटन (१४४०), रग्बी (१५६७), हॅरो (१५७२) या जुन्या शाळांनी आपल्या माजी विद्यार्थ्यांच्या नामावल्या पिढ्यान्‌पिढ्या जपल्या. त्यांत पंतप्रधान आहेत, सेनापती आहेत, कवी आहेत. हॅरोच्या यादीत पंडित जवाहरलाल नेहरू यांचेही नाव आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात ज्या शाळा निघाल्या त्यांनीही पुढे ही प्रथा उचलली. मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेला दादाभाई नौरोजी, डॉ. भाऊ दाजी लाड, न्या. महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा अभिमान वाटावा हे स्वाभाविकच आहे. १८५९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. १३२ उमेदवारांपैकी अवघे २२ उत्तीर्ण झाले आणि त्या २२ जणांत रानडे व भांडारकर दोघेही होते.

मुंबई-पुण्याच्या शाळांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने वऱ्हाडातील शाळांकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले. वस्तुतः मराठी विचारविश्वाला मुळापासून हादरा देणारे गोपाळ गणेश आगरकर हे अकोल्याच्या सरकारी हायस्कुलातून मॅट्रिक झाले होते आणि मराठी विनोदी लेखनाचे जनक म्हणून ज्यांचा गौरव होतो ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हेही त्याच शाळेचे विद्यार्थी. त्यांचे शिक्षण ज्या परिस्थितीत झाले तिचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. या शाळेच्या दारापर्यंत कोण पोहोचू शकत होते आणि कोण पोहोचू शकत नव्हते, हा प्रश्न त्याला अनुषंगूनच येतो. केवळ नामावली देऊन तो टाळता येण्यासारखा नाही.

वऱ्हाड प्रांत व इंग्रजी शिक्षण

१८५३ च्या तहान्वये निजामाने कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत ईस्ट इंडिया कंपनीच्या स्वाधीन केला. १८६० मध्ये नवा तह होऊन रायचूर दुआब व धाराशिव हे भाग निजामास परत मिळाले, वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. प्रांताची मालकी नावापुरती निजामाची आणि कारभार हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटचा, अशी ही चमत्कारिक व्यवस्था पुढे अर्धशतक चालली. १९०२ च्या करारानंतर १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांतास जोडला गेला. म्हणजे ज्या काळाचा येथे विचार करावयाचा आहे त्या काळात अकोल्याचा विद्यार्थी राजकीयदृष्ट्या हैदराबादशी, परीक्षेपुरता मुंबई विद्यापीठाशी आणि भाषेने पुण्याशी बांधलेला होता.

अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) कापसाला सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा लोहमार्ग अकोल्यावरून नागपूरकडे गेला. खामगाव, अकोला, अमरावती येथील बाजारपेठा भरभराटीस आल्या. पैसा आला, त्यामागून कचेऱ्या आल्या, न्यायालये आली, आणि त्या चालविण्यास इंग्रजी जाणणारे कारकून, मुन्सफ व वकील हवे झाले. प्रांतात अशी माणसे पुरेशी नव्हती. तेव्हा कोकण, सातारा, पुणे या भागांतून शिकलेली कुटुंबे नोकरी-धंद्यानिमित्त वऱ्हाडात येऊ लागली. अमरावती व अकोला येथे सरकारी हायस्कुले निघाली ती या गरजेपोटी. साहेबाच्या कचेरीला माणसे पुरवावीत एवढीच सरकारची अपेक्षा असावी.

प्रारंभीच्या काळात बुलढाणा, बाळापूर, पातूर, वाशीम या पट्ट्यातील मुलाला इंग्रजी उच्च शिक्षण घ्यावयाचे तर अकोल्याचीच वाट धरावी लागे. पातूर हे तेव्हा बाळापूर तालुक्यातील गाव. डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आणि शेख बाबूंचा दर्गा यांमुळे त्याची ख्याती जुनी. अकोल्याहून वाशीमकडे जाणारा रस्ता येथूनच घाट चढतो. अकोला येथून सुमारे २० मैल. आज हे अंतर तासाभराचे वाटते. बैलगाडीच्या काळात मात्र हायस्कुलात मूल घालावयाचे म्हणजे त्याची अकोल्यात राहण्या-जेवण्याची सोय लावणे आलेच. शाळेच्या फीपेक्षा हाच प्रश्न बिकट होता आणि त्याचे उत्तर सर्वांना सारखे उपलब्ध नव्हते.

गोपाळ गणेश आगरकर

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळच्या टेंभू या खेड्यात झाला. घरची अत्यंत गरिबी. मामांकडे कऱ्हाडास राहून काही शिक्षण झाले, पण पुढची सोय होईना. मामलेदार कचेरीत उमेदवारी करून पाहिली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. शिक्षणाच्या ओढीने ते पायी रत्नागिरीस गेले आणि माधुकरी मागून राहिले. तेथेही निभाव लागला नाही आणि परत यावे लागले. अखेर अकोल्यास स्थायिक झालेल्या नातेवाइकांच्या आश्रयाने ते वऱ्हाडात आले व तेथील हायस्कुलात दाखल झाले. कऱ्हाडचा मुलगा शेकडो मैल ओलांडून अकोल्यास का आला, याचे उत्तर वर सांगितलेल्या स्थलांतरात आहे. वऱ्हाडात नोकरीस आलेल्या कुटुंबांनी आपल्याबरोबर आप्तांचे जाळेही आणले होते आणि एखाद्या होतकरू मुलाला त्या जाळ्याचा आधार मिळत असे.

या शाळेत आगरकरांना विष्णु मोरेश्वर महाजनी (१८५१-१९२३) हे गुरू लाभले. महाजनी एम. ए. झालेले होते. त्या काळी ही पदवी धारण करणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती. शिष्यापेक्षा ते वयाने अवघे पाच वर्षांनी मोठे. आगरकरांच्या चरित्रकारांनी गुरुशिष्यांमधील एक प्रसंग आवर्जून सांगितला आहे. अभ्यासातील हयगयीबद्दल महाजनींनी कानउघाडणी केली तेव्हा या मुलाने, आपणही तुमच्यासारखे एम. ए. होऊन दाखवू, असे बाणेदार उत्तर दिले. पुढे थोरपणास चढलेल्या माणसांच्या बालपणी अशा कथा चिकटतात, हे इतिहासाच्या अभ्यासकाला ठाऊक असते. तथापि कथेचा तपशील बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरतेच. अन्नाची भ्रांत असलेल्या मुलाला एम. ए. ही शक्य कोटीतील गोष्ट वाटू लागली, कारण ती पदवी घेतलेला माणूस रोज त्याच्यासमोर उभा राहत होता. पुस्तकांपेक्षाही शाळेने त्याला दिलेली ही देणगी मोठी म्हणावी लागेल.

अकोल्यातील वास्तव्यात आगरकरांनी 'वऱ्हाड समाचार' या स्थानिक पत्रात लेखन करून चार पैसे मिळविले. पुढे 'केसरी' आणि 'सुधारक' गाजविणाऱ्या संपादकाच्या लेखणीची उमेदवारी अकोल्यात झाली, ही गोष्ट मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासात जितकी ठळकपणे नोंदली जावयास हवी तितकी ती नोंदली गेलेली नाही. १८७५ मध्ये ते मॅट्रिक झाले व पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेले. तेथेही दैन्याने पाठ सोडली नाही. एकच सदरा रात्री धुऊन दुसऱ्या दिवशी घालण्याची गोष्ट महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. १८७८ मध्ये बी. ए. आणि १८८० मध्ये एम. ए. झाल्यावर मोठ्या पगाराच्या सरकारी नोकरीचा मार्ग मोकळा होता. त्यांनी तो नाकारला आणि आपल्या निश्चयाची कल्पना आईला पत्राने दिली. मुलगा शिकला की घरचे दारिद्र्य फिटेल, या आशेवर दिवस काढलेल्या त्या माउलीला ते पत्र वाचून काय वाटले असेल, याचा विचार चरित्रग्रंथांतून फारसा झालेला आढळत नाही.

विष्णुशास्त्री चिपळूणकर व बाळ गंगाधर टिळक यांनी १ जानेवारी १८८० रोजी सुरू केलेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आगरकर येऊन मिळाले. ४ जानेवारी १८८१ रोजी 'केसरी' निघाला, त्याचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. कोल्हापूर प्रकरणातील बदनामीच्या खटल्यात १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना शिक्षा होऊन त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी व १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज स्थापन झाले. राजकीय सुधारणा आधी की सामाजिक, या वादात टिळकांशी मतभेद विकोपास गेल्यावर १८८७ मध्ये त्यांनी 'केसरी' सोडला आणि १५ ऑक्टोबर १८८८ रोजी 'सुधारक' काढला. बालविवाह, केशवपन, जातिभेद, निरर्थक विधी या सर्वांवर त्यांनी बुद्धिवादाची कसोटी लावली. मुलामुलींना एकच शिक्षण, तेही एकत्र बसवून द्यावे, असे त्यांनी प्रतिपादिले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. १८९२ पासून ते फर्ग्युसनचे प्राचार्य होते. दम्याने पोखरलेल्या शरीराने १७ जून १८९५ रोजी, वयाची ३९ वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांचे देहावसान झाले.

शेक्सपिअर : गुरूचा आणि शिष्याचा

महाजनींनी शेक्सपिअरच्या 'सिंबेलाइन'चे मराठी रूपांतर 'तारा' या नावाने केले, ते १८७९ मध्ये प्रसिद्ध झाले. हॅरॉल्ड लिटलडेल या इंग्रज प्राध्यापकाने बडोद्यास या नाटकाचा प्रयोग पाहून १८८० मध्ये त्यावर विलायतेतील नियतकालिकात लेख लिहिला. वऱ्हाडातील एका मास्तराने मराठीत आणलेला शेक्सपिअर असा परत इंग्लंडच्या वाचकांपर्यंत पोहोचला. चारच वर्षांनी, १८८३ मध्ये, आगरकरांचे 'विकारविलसित' हे 'हॅम्लेट'चे भाषांतर प्रसिद्ध झाले. शाहूनगरवासी नाटक मंडळीच्या गणपतराव जोशी यांनी त्यातील नायकाच्या भूमिकेने रंगभूमी गाजविली.

शेक्सपिअरच्या भाषांतरांची त्या काळी लाटच होती, त्यामुळे गुरूचे पाहून शिष्याने केले असे ठामपणे म्हणणे घाईचे ठरेल. परंतु अकोल्याच्या वर्गात इंग्रजी साहित्य हा परीक्षेपुरता पाठ करावयाचा विषय राहिला नव्हता आणि ते मराठीत आणण्याजोगे धन मानले जात होते, असे अनुमान काढण्यास हरकत नसावी. कारकून घडविण्यासाठी काढलेल्या शाळेचा सरकारी हेतू येथे शिक्षकाच्या हातून परस्पर बदललेला दिसतो. महाजनी पुढे वऱ्हाडच्या शिक्षणखात्यात वरिष्ठ पदावर पोहोचले आणि १९०७ मध्ये पुण्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले.

श्रीपाद कृष्ण कोल्हटकर

आगरकरांनंतर १३ वर्षांनी, १८८८ मध्ये, कोल्हटकर मॅट्रिक झाले. २९ जून १८७१ रोजी नागपूर येथे त्यांचा जन्म झाला. वडील सरकारी नोकरीत, त्यामुळे प्राथमिक शिक्षण बुलढाण्यास व हायस्कूलचे शिक्षण अकोल्यास झाले. आगरकरांप्रमाणेच तेही डेक्कन कॉलेजात गेले. १८९१ मध्ये बी. ए. व १८९७ मध्ये एलएल. बी. होऊन वऱ्हाडात परतले. आगरकर शिकून पुण्याचेच झाले. कोल्हटकरांनी अकोला, खामगाव व जळगाव-जामोद येथे वकिली करीत आयुष्य काढले. पुण्या-मुंबईपासून दूर राहून मराठी नाटकाला व गद्याला वळण देता येते, हे त्यांनी सिद्ध केले.

'वीरतनय' (१८९६) या नाटकाने त्यांनी संगीत रंगभूमीवर नव्या चालींचे युग आणले. 'मूकनायक' नाटकात मद्यपानाचा, तर 'मतिविकार'मध्ये विधवाविवाहाचा प्रश्न त्यांनी हाताळला. मात्र त्यांचे खरे सामर्थ्य विनोदात आहे. १९१० मध्ये 'अठरा धान्यांचे कडबोळे' या नावाने निघालेला व पुढे 'सुदाम्याचे पोहे' म्हणून प्रसिद्धीस आलेला लेखसंग्रह मराठी विनोदाचा पाया मानला जातो. सुदामा, बंडूनाना व पांडूतात्या ही त्यातील त्रयी धर्माच्या नावाखाली चाललेल्या वेडगळ चालीरीतींना गंभीर चेहऱ्याने मिठी मारते आणि वाचक त्या चालींनाच हसू लागतो. आगरकरांनी तर्काच्या हत्याराने जे केले तेच कोल्हटकरांनी हास्याच्या मार्गाने केले. परिणामाच्या दृष्टीने पाहता दुसरा मार्ग कदाचित अधिक दूरवर गेला असेल. आगरकरांना प्रेतयात्रा पाहावी लागली, कोल्हटकरांना तशी वेळ आली नाही. अर्थात पहिल्याने वाट मोडली म्हणूनच दुसऱ्याला हसत चालता आले, हेही विसरून चालणार नाही. राम गणेश गडकरी स्वतःला कोल्हटकरांचे शिष्य म्हणवीत. ज्योतिर्गणितावरही ग्रंथ लिहिणाऱ्या या वकिलाला १९२७ च्या पुणे साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. महाजनींच्या अध्यक्षपदानंतर बरोबर २० वर्षांनी अकोल्याच्या शाळेकडे हा मान दुसऱ्यांदा आला. १ जून १९३४ रोजी कोल्हटकर निवर्तले.

नामावलीत नसलेले

आगरकर आणि कोल्हटकर यांची नावे शेजारी ठेवली की एक साम्य लगेच ध्यानात येते. एक कमालीचा दरिद्री, दुसरा सरकारी नोकराचा मुलगा. पण दोघेही ब्राह्मण, दोघांचीही कुटुंबे लेखणीवर जगणाऱ्या वर्गातील आणि दोघांच्याही घराण्यांची मुळे वऱ्हाडाच्या काळ्या मातीत नव्हती. आगरकरांच्या दारिद्र्याचे वर्णन करताना ते कसे तरले, याकडे पाहणे आवश्यक आहे. माधुकरी, वारावर जेवण आणि शिकलेल्या आप्ताच्या घरचा ओटा या तीन आधारांवर त्या काळचा गरीब विद्यार्थी उभा असे. हे तिन्ही आधार ब्राह्मण मुलालाच उपलब्ध होते. बाळापूर वा पातूर भागातील कुणबी, माळी, धनगर शेतकऱ्याचा मुलगा तितकाच बुद्धिमान असला तरी अकोल्यात कोणाच्या दारी झोळी घेऊन उभा राहणार? महार-मातंगाच्या मुलाला तर पाणी कोठे प्यावे येथपासून अडचण होती. मुलींचा विचारच नव्हता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन दिले. रयतेच्या करातून उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि लाभ वरच्या वर्गांना मिळतो, हा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या डोळ्यांसमोर मुंबई इलाखा होता, पण कापसाच्या सारापट्टीवर चालणाऱ्या वऱ्हाडाला तो अधिकच लागू पडत होता.

याचे उत्तर मिळण्यास आणखी एक पिढी जावी लागली. अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे २७ डिसेंबर १८९८ रोजी शेतकरी कुटुंबात जन्मलेले पंजाबराव देशमुख कारंजा लाड येथे व नंतर अमरावतीच्या हिंदू हायस्कुलात शिकून १९१८ मध्ये मॅट्रिक झाले. सरकारी हायस्कुलापेक्षा खासगी शाळेचा आता पर्याय निर्माण झाला होता, ही बाब लक्षणीय आहे. मुलाला विलायतेस पाठविण्यासाठी वडील शामराव यांनी जमीन गहाण टाकली. एडिंबरो व ऑक्सफर्ड येथे शिकून, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमविकासावर प्रबंध लिहून आणि बॅरिस्टर होऊन ते अमरावतीस परतले. त्यांनी हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे श्रद्धानंद छात्रालय. सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता-जेवता यावे असे हे वसतिगृह होते. शाळा काढण्याच्या आधी वसतिगृह काढावे लागते, हे खेड्यातून आलेल्या माणसालाच उमगू शकते. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिर प्रवेशाच्या चळवळीत ते अग्रभागी होते. पुढे जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष म्हणून त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि शिक्षणासाठी कर वाढविण्याचा लोकांना न रुचणारा निर्णयही घेतला. श्री शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने वऱ्हाडातील तालुक्या-तालुक्यांत शाळा व महाविद्यालये उभी राहिली. १९५२ ते १९६२ या काळात ते केंद्रात कृषिमंत्री होते. अकोल्यात १९६९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाला त्यांचेच नाव देण्यात आले आहे.

आगरकरांनी मुलामुलींच्या एकत्र शिक्षणाचा पुरस्कार केला, तेव्हा ज्या अकोल्याच्या वर्गात ते स्वतः शिकले होते तेथे एकही मुलगी नव्हती. आज पातूरच्या मुली अकोल्याची एस. टी. न पकडताही गावातच पदवीपर्यंत शिकतात आणि त्यांच्या शेजारच्या बाकावर मुलगे बसलेले असतात.